पाण्याच्या सरकारी नियमांचा माग कसा ठेवाल? सोलापूर जिल्ह्यातल्या नवख्यांसाठी

सोसायटीचं सचिवपद नुकतंच अंगावर आलंय, गावच्या पाणीपुरवठा समितीवर नाव लागलंय, कालव्याखाली दोन एकर घेतलीय किंवा एमआयडीसीत रंगणीचा छोटा कारखाना टाकलाय. यातलं काहीही असलं तरी एक वाक्य तुमच्या कानावर येणारच: "अहो, पाण्याचा नवीन आदेश आलाय म्हणे." आदेश कोणी काढला, कधीपासून लागू, कुणाला लागू, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक नसतं. व्हॉट्सॲपवर एक तिरका फोटो फिरतो. त्यात वरची ओळ कापलेली आणि खालची सही पुसट. त्यावर कुणी बोअरचं काम थांबवतं, कुणी उसाची लागण पुढे ढकलतं.

सोलापुरात पाणी हा चैनीचा विषय कधीच नव्हता. इथं नियम वेळेवर कळला नाही तर हंगाम जातो, नळजोड जातो, दंड बसतो. म्हणून हा माग ठेवायला शिकणं गरजेचं आहे. त्यासाठी वकील व्हावं लागत नाही. एक जाड वही, आठवड्यातला अर्धा तास आणि मूळ कागद हातात आल्याशिवाय विश्वास न ठेवण्याची सवय एवढं पुरतं.

पाऊल १ : आपलं पाणी कुठून येतं ते आधी लिहा

बहुतेक जण सुरुवात नियम शोधण्यापासून करतात आणि तिथंच अडकतात. पाण्याचा नियम पाण्याच्या स्रोतामागे चालतो. स्रोत ठरला की कार्यालय ठरतं आणि कार्यालय ठरलं की कागद कुठे शोधायचा ते कळतं.

सोलापूर शहराला पाणी मुख्यतः तीन ठिकाणांहून मिळतं. एक, भीमा नदीवरच्या उजनी धरणावरून आलेली थेट जलवाहिनी. दुसरं, भीमेवरचं टाकळी. उजनीतून नदीत सोडलेलं पाणी औज बंधाऱ्यात अडवलं जातं आणि तिथून उचललं जातं. तिसरं, हिप्परगा म्हणजे एकरुख तलाव, जो १८७१ साली बांधून झाला. तुम्ही शहरात राहत असाल तर घरपोच पाण्याचे नियम महापालिकेचे, पण उजनीतून किती आणि कधी सोडायचं हा निर्णय जलसंपदा विभागाकडचा. ही दोन दारं वेगळी आहेत. 'पाणी चार दिवसांआड का' याचं उत्तर कधी झोन कार्यालयात असतं, कधी धरणावर. आधी ते ओळखा, म्हणजे चुकीच्या खिडकीपुढे उन्हात उभं राहावं लागणार नाही.

गावाकडे चित्र आणखी फाटलेलं. कालव्याचं पाणी असेल तर जलसंपदा विभागाचं पाटबंधारे उपविभाग कार्यालय आणि सोलापूरचं लाभक्षेत्र विकास प्राधिकरण. विहीर किंवा बोअर असेल तर भूजल कायदा आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं जिल्हा कार्यालय. गावचा पाझर तलाव किंवा कोल्हापूर पद्धतीचा बंधारा असेल तर त्याची सिंचन क्षमता बघावी लागते. १०० हेक्टरपर्यंतची कामं सर्वसाधारणपणे जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाकडे, त्यावर ६०० हेक्टरपर्यंतची मृद व जलसंधारण विभागाकडे आणि त्याहून मोठी जलसंपदाकडे. तलावातला गाळ उचलायची परवानगी मागायला गेलेला माणूस तीन कार्यालयं फिरून रिकामा परत येतो, तो ही विभागणी माहीत नसल्यामुळे.

वहीच्या पहिल्या पानावर असं लिहा: माझा स्रोत, त्याचं कार्यालय, तिथल्या अधिकाऱ्याचं पदनाम. व्यक्तीचं नाव लिहू नका. बदल्या होतात, पद राहतं.

पाऊल २ : कागदाची जात ओळखा

'सरकारी आदेश' या एका नावाखाली निदान सहा प्रकारचे कागद फिरतात आणि प्रत्येकाचं वजन वेगळं.

अधिनियम म्हणजे विधिमंडळाने केलेला कायदा. त्याखाली शासन नियम करतं. कायदा अमुक भागाला, अमुक तारखेपासून लागू हे अधिसूचनेतून येतं आणि अधिसूचना राजपत्रात छापली जाते. शासन निर्णय, ज्याला सगळे जीआर म्हणतात, तो विभागाचा धोरणात्मक किंवा योजनेचा निर्णय. परिपत्रकातून बहुतेकदा असलेल्याच नियमाचं स्पष्टीकरण किंवा स्मरण होतं. जिल्हाधिकारी, महापालिका आयुक्त यांचे आदेश त्यांच्या हद्दीपुरते आणि बहुधा मुदतीचे. आणि जाहीर प्रकटन म्हणजे कार्यालयाने लोकांना दिलेली सूचना, ज्यात अर्जाची शेवटची तारीख दडलेली असते.

एक उदाहरण मनात पक्कं ठेवा. आपल्या भूजल कायद्याचं नाव 'महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९'. नाव वाचून वाटतं २००९ पासून लागू. प्रत्यक्षात तो राजपत्रात आला २०१३ च्या डिसेंबरात आणि अंमलात आला १ जून २०१४ पासून. त्याखालच्या नियमांचा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध झाला जुलै २०१८ मध्ये. त्या वेळी 'आता बोअरवर कर' अशा बातम्यांनी गावोगाव खळबळ उडाली होती. पण मसुदा म्हणजे नियम नव्हे. मसुद्यावर हरकत घ्यायची असते, तो पाळायचा नसतो. म्हणून कोणताही कागद हातात आला की त्यावर 'मसुदा' किंवा 'प्रारूप' हा शब्द आहे का ते पहिल्यांदा बघा.

पाऊल ३ : जीआर मुळातून काढा आणि क्रमाने वाचा

महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर शासन निर्णयांचं स्वतंत्र पान आहे. तिथं विभाग, तारीख किंवा शब्द टाकून शोधता येतं. पाण्यासाठी एकच विभाग बघून भागत नाही. जलसंपदा, मृद व जलसंधारण, पाणीपुरवठा व स्वच्छता, नगर विकास, महसूल व वन असे पाच विभाग दर आठवड्याला चाळा. दुष्काळाचे निर्णय महसूलकडून निघतात आणि नवखे ते जलसंपदात शोधत बसतात.

प्रत्येक जीआरला संकेतांक असतो. अठरा आकडी. त्यातले पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. फिरत आलेल्या फोटोत तारीख अस्पष्ट असली तरी संकेतांक दिसत असेल तर कागद कधीचा ते तिथंच कळतं. तोच संकेतांक शोधपेटीत टाका. मूळ प्रत मिळाली तर ठीक. नाही मिळाली तर तो कागद पुढे पाठवू नका, कितीही जवळच्या माणसाने पाठवलेला असो.

आता वाचायचा कसा. वरचा विषय वाचला की थेट 'वाचा' किंवा 'संदर्भ' या यादीवर जा. तिथं आधीच्या सगळ्या निर्णयांचे क्रमांक असतात. ही यादी म्हणजे त्या नियमाचा सगळा इतिहास. मग मजकुरात 'अधिक्रमित करून' हे शब्द शोधा. ते असले तर जुना निर्णय गेला. 'अंशतः बदल' असेल तर जुना आणि नवा दोन्ही शेजारी ठेवून वाचावे लागतात. 'शुद्धिपत्रक' असेल तर फक्त आकडा किंवा शब्द दुरुस्त झालाय, पण तो आकडा हेक्टरचा किंवा तारखेचा असेल तर तुमचं सगळं गणित बदलतं. शेवटी 'प्रत' या शीर्षकाखालची यादी बघा. तिथं तुमच्या जिल्हाधिकाऱ्यांचं किंवा तुमच्या कार्यालयाचं पदनाम असेल, तर 'आमच्याकडे असं काही आलेलं नाही' या उत्तराला तुमच्याकडे कागद आहे.

जलयुक्त शिवार हे याचं चांगलं उदाहरण. पहिलं अभियान ५ डिसेंबर २०१४ च्या निर्णयाने सुरू झालं, दुसरा टप्पा ३ जानेवारी २०२३ च्या निर्णयाने. गावात अजून पहिल्याच टप्प्याच्या निकषांवर वाद चालतात. कोणता टप्पा, कोणता निर्णय, हे ग्रामसभेत तारखेसकट सांगता आलं तर चर्चा लगेच रुळावर येते.

पाऊल ४ : उजनीची टक्केवारी वाचायला शिका

हा भाग जरा सावकाश घ्या, कारण जिल्ह्यातल्या पाण्याच्या जवळजवळ प्रत्येक निर्णयाची पाळंमुळं इथं आहेत.

उजनीचा एकूण साठा ११७.२३ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट). त्यातला ६३.६६ टीएमसी मृत साठा, म्हणजे सहज बाहेर सोडता न येणारं तळाचं पाणी, आणि ५३.५७ टीएमसी उपयुक्त साठा. पेपरात रोज येणारी टक्केवारी ही एकूण साठ्याची नसते, फक्त उपयुक्त साठ्याची असते. म्हणून धरण 'शून्य टक्के' असतं तेव्हाही आत ६३.६६ टीएमसी पाणी असतं आणि म्हणूनच उजनी 'उणे' होते. २०२४ च्या उन्हाळ्यात ती उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेली होती. हिशोब असा: ५३.५७ चे साठ टक्के म्हणजे सुमारे ३२ टीएमसी. ते ६३.६६ मधून वजा केले की साधारण साडेएकतीस टीएमसी उरतात. त्यात गाळही आलाच. उलट बाजूने, धरण १११ टक्के भरलं असं वाचाल तेव्हा एकूण साठा १२३ टीएमसीच्या घरात असतो.

हा हिशोब तुम्हाला स्वतःला करता आला पाहिजे, कारण त्यावरून पुढचा आदेश कोणता येणार याचा अंदाज बांधता येतो. आकडा शून्याकडे घसरू लागला की शेतीच्या आवर्तनांवर, म्हणजे कालव्यात पाणी सोडण्याच्या पाळ्यांवर, गदा येते आणि पिण्यासाठीचं पाणी राखून ठेवण्याची भाषा सुरू होते. उण्यात खोल गेलं की शहरासाठी दुबार, तिबार पंपिंग करावं लागतं, म्हणजे पाणी दोन-तीन टप्प्यांत उचलावं लागतं, आणि नळाचे दिवस लांबतात. औज बंधाऱ्यासाठी नदीत पाणी सोडलं की वाटेतला उपसा रोखण्यासाठी नदीकाठच्या मोटारींची वीज तोडण्याचा आदेश निघतो. भीमाकाठच्या शेतकऱ्याने धरणातून विसर्ग सुरू झाल्याची बातमी वाचली की त्याच दिवशी तहसील आणि महावितरणच्या सूचना बघायला हव्यात, मोटार बंद पडल्यावर नव्हे.

आणखी एक तारीख ध्यानात ठेवा: १५ ऑक्टोबर. त्या सुमारास धरणात जो साठा असतो त्यावर वर्षाचं नियोजन बसतं. पिण्यासाठी किती राखायचं, शेतीला किती पाळ्या द्यायच्या, उद्योगाला किती, हे ठरतं. राज्याच्या धोरणात पिण्याच्या पाण्यानंतर शेतीचा क्रम आणि त्यानंतर उद्योगाचा, हा बदल २०११ मध्ये झाला. त्याआधी उद्योग वर होता. एमआयडीसीत कारखाना असलेल्यांनी हे विसरू नये.

पाऊल ५ : कालव्याचं जाहीर प्रकटन

कालव्याखाली नवीन जमीन घेतलेल्या माणसाचं नुकसान सर्वात जास्त इथं होतं. पाणी समोरून वाहत असतं, त्यामुळे ते आपलंच वाटतं. पण हंगामासाठी पाणी अर्ज भरून मंजुरी घेतल्याशिवाय घेतलेलं पाणी अनधिकृत ठरतं आणि दंडाच्या दराने आकारलं जातं.

हंगाम तीन. खरीप १ जुलै ते १४ ऑक्टोबर, रब्बी १५ ऑक्टोबर ते फेब्रुवारीअखेर, उन्हाळी १ मार्च ते ३० जून. प्रत्येकाआधी उपविभाग कार्यालय प्रकटन काढतं. ते वर्तमानपत्रात, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आणि शाखा कार्यालयात लागतं. अर्ज नमुना नंबर ७ वर. प्रकटनात तीनच गोष्टी आधी शोधा: अर्जाची शेवटची तारीख, कोणत्या पिकांना पाणी मिळणार आणि थकबाकीची अट. मागील बाकी असेल तर मंजुरी अडते. जमीन विकत घेताना सातबाऱ्याबरोबर पाणीपट्टीची बाकी विचारून घेणारे फार थोडे. तुम्ही विचारा.

आवर्तनाचा निर्णय कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत होतो. बैठकीची बातमी दुसऱ्या दिवशी संचारसारख्या स्थानिक दैनिकात आणि इतर पेपरांच्या सोलापूर आवृत्त्यांत येते. पण बातमी म्हणजे निर्णय नाही. शाखाधिकाऱ्यांकडे किंवा कालवा निरीक्षकाकडे जाऊन आपल्या वितरिकेची (कालव्याच्या फाट्याची) पाळी कधी, टेलकडून म्हणजे शेवटच्या टोकाकडून सुरुवात आहे की हेडकडून म्हणजे वरच्या तोंडाकडून, ते लिहून आणा. गावात शेतकऱ्यांची पाणी वापर संस्था असेल तर तिच्या फलकावर हे आधीच लागलेलं असतं. २००५ च्या कायद्याने या संस्थांना पाणी मोजून घेण्याचा आणि आपल्यात वाटण्याचा हक्क दिलाय, तो कागदावर ठेवून देऊ नका. त्याच वर्षीच्या, २००५ च्या, दुसऱ्या कायद्याने महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण उभं राहिलं. ठोक पाण्याचे दर तेच ठरवतं. दराचा नवा आदेश येण्याआधी प्राधिकरण मसुदा प्रसिद्ध करून हरकती मागवतं. संस्थेच्या अध्यक्षांनी त्याच्या संकेतस्थळावर महिन्यातून एकदा तरी डोकवावं.

पाऊल ६ : बोअर घेण्याआधी

भूजल कायद्याने ६० मीटर किंवा त्याहून जास्त खोलीच्या विहिरीला 'खोल विहीर' धरलंय आणि शेती-उद्योगासाठी तिच्यावर बंधन आहे. साठ मीटर म्हणजे जवळपास दोनशे फूट. बोअरवाला फुटात बोलतो, कायदा मीटरमध्ये, तेव्हा भाव ठरवताना हा हिशोब करूनच बोला. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेता येत नाही. गावची पाणीपुरवठ्याची विहीर तुमच्या बांधापासून किती लांब आहे ते टेप लावून किंवा मोबाइलच्या नकाशावर मोजा, आणि मोजमाप वहीत लिहा. बोअरची गाडी नोंदणीकृत आहे का तेही विचारा.

भूजल यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी चारदा मोजते. ऑक्टोबरच्या नोंदीवरून कोणत्या गावात कधी टंचाई येईल याचा अहवाल तयार होतो. तुमच्या भागातली निरीक्षण विहीर कोणती ते जिल्हा कार्यालयात विचारता येतं. वरिष्ठ भूवैज्ञानिकांच्या कार्यालयात लोक फार कमी जातात आणि म्हणूनच तिथं नीट बसून समजावून सांगायला वेळ असतो. जा.

शहरात घर बांधणाऱ्यांसाठी थोडक्यात: डिसेंबर २०२० पासूनच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर पावसाचं पाणी साठवण्याची किंवा जिरवण्याची व्यवस्था बंधनकारक आहे. भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी धावपळ करण्यापेक्षा नकाशातच खड्डा दाखवा. आणि नळाला थेट मोटार लावू नका. मोटार जप्त होते हे खरंच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे हद्दवाढ भागात टोकाच्या घरातल्या माणसाचा हंडा तुमच्या मोटारीमुळे कोरडा राहतो.

पाऊल ७ : टंचाईच्या वर्षी मंडळ बघा

३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्याने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात आपल्या जिल्ह्यातले बार्शी, माळशिरस, सांगोला, करमाळा आणि माढा हे पाच होते. बाकीच्या तालुक्यांतले लोक निराश होऊन बसले. पण थोड्याच दिवसांत, नोव्हेंबरात, राज्यातल्या १,०२१ महसूल मंडळांत (मंडळ म्हणजे तालुक्यातला काही गावांचा गट) दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर झाली आणि तिथंही सवलती लागू झाल्या. ज्यांना आपलं महसूल मंडळच माहीत नव्हतं त्यांना ही यादी वाचताच आली नाही. तेव्हा आजच तलाठ्याला विचारून आपल्या गावाचं मंडळ वहीच्या पहिल्या पानावर लिहा. सवलती मागायच्या असतात, उदाहरणार्थ महसुलात सूट, कृषिपंपांच्या वीजबिलात ३३.५ टक्के सूट, मुलांच्या परीक्षा शुल्कात माफी. त्या आपोआप घरी चालत येत नाहीत.

टंचाईचा कृती आराखडा तीन टप्प्यांत असतो: ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून. टँकर, विहीर अधिग्रहण, तात्पुरती नळ योजना यांचे प्रस्ताव ग्रामपंचायतीकडून वर जातात. गाव टप्प्यात नसेल तर ठराव वेळेत गेला का ते ग्रामसेवकांकडे जाऊन बघा.

पाऊल ८ : वही

वहीचं वर्ष जुलै ते जून धरा, कारण पाणी त्याच वर्षाने चालतं. रकाने एवढेच: कागद मिळाल्याची तारीख, कोणी काढला, क्रमांक किंवा संकेतांक, जात, कुठपर्यंत लागू, कधीपासून, कधीपर्यंत, मला काय करायचंय. 'कधीपर्यंत' हा रकाना कधीच रिकामा सोडू नका. मुदत लिहिलेली नसेल तर 'मुदत नाही, विचारायचं' असं लिहा. २०२४ मध्ये जूनमध्ये तळाला गेलेली उजनी ऑगस्टमध्ये भरली. अशा वर्षी मे महिन्यातलं बंधन ऑगस्टात अजून चालू आहे की मागे घेतलं, हे फक्त हा रकानाच सांगतो.

मूळ प्रत मोबाइलमध्ये ठेवताना फाइलला तारीख आणि विभागाचं नाव द्या. सोसायटीच्या गटात टाकताना स्वतःच्या शब्दांतला सारांश टाका आणि खाली मूळ कागद जोडा. आपल्या शहरात एकाच जिन्यात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी घरं असतात. तारीख आणि 'काय करायचं' एवढं तरी शेजाऱ्याच्या भाषेत सांगितलं तर ते खरं उपयोगाचं.

पाऊल ९ : कागद मिळाला नाही तर

आधी तोंडी विचारा, मग लेखी. लेखी अर्जाची पोच शिक्क्यानिशी घ्या. तरी उत्तर नसेल तर माहितीचा अधिकार आहे. साध्या कागदावर अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, विषय एकच आणि मजकूर दीडशे शब्दांत. 'पाण्याबाबत काय नियम आहेत' असं विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आपल्या कार्यालयाने अमुक कालव्यावरील उपशाबाबत काढलेल्या आदेशांच्या प्रती' असं विचारा. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. न आल्यास त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील.

प्रश्न कागदाचा नसून अंमलबजावणीचा असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयात दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, तालुक्याला तिसऱ्या सोमवारी. तिथं जाताना वही बरोबर न्या आणि नियमाचा क्रमांक अर्जाच्या पहिल्याच ओळीत लिहा.